यंत्राला काय ठाऊक, टन की क्विंटल?

काटोलच्या बागेत व्यापारी येतो तेव्हा संत्र्याचा सौदा टनाच्या भावाने होतो. पंचवीस हजार, तीस हजार असे आकडे बोलले जातात आणि ते टनाचे आहेत हे कोणी कोणाला सांगत नाही. केंद्र सरकारच्या ‘ॲगमार्कनेट’वर मात्र भाव क्विंटलचे असतात. दहा क्विंटलचा एक टन, हा हिशेब शाळकरी पोरालाही येतो. त्यामुळे या फरकाने आजवर फारसे कोणाचे बिघडले नाही. आकडा वाचणारा माणूस होता. एवढा लहान आकडा टनाचा असूच शकत नाही, हे त्याला न सांगता कळत होते.

आता आकडा वाचणारा माणूसच असेल, याची खात्री राहिलेली नाही. ‘आज संत्र्याला काय भाव आहे, विकू की थांबू?’ असा प्रश्न शेतकरी मोबाईलला विचारू लागला आहे. उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता कुठल्या तरी सरकारी किंवा खाजगी साधनाकडून आकडा मागवते आणि त्यावर सल्ला देते. त्या आकड्याशेजारी एकक लिहिलेले नसेल तर ती अंदाज करते. हा अंदाज ती ठाम स्वरात सांगते, हा त्यातला खरा धोका आहे.

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की, एआयच्या चर्चेत आपण यंत्र किती हुशार झाले यावर पुष्कळ बोलतो. पण त्या यंत्राच्या हाती दिलेल्या साधनांवर काय लिहिले आहे, याकडे कोणी पाहत नाही. गरीब, अल्पशिक्षित आणि नोंदींच्या चौकटीत न बसणाऱ्या माणसाचे नुकसान तिथेच होणार आहे.

बोलणारे यंत्र आणि काम करणारे यंत्र

सुरुवातीला चॅटजीपीटीसारखी यंत्रे फक्त बोलत होती. आता ती कामे करू लागली आहेत. अशा काम करणाऱ्या यंत्राला ‘एजंट’ म्हणतात. तो भाव शोधतो, अर्ज भरतो, तिकीट काढतो, नोंद तपासतो. पण हे तो स्वतःच्या डोक्याने करत नाही. त्याला साधनांची एक यादी दिलेली असते. प्रत्येक साधनाचे नाव, ते काय करते याचे दोन-चार ओळींचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागते याचा तपशील, एवढेच त्याच्यासमोर असते. ते वाचून तो ठरवतो की, कोणते साधन उचलायचे आणि त्यात काय भरायचे.

नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची एक खुली पद्धत जाहीर केली. कुठलेही साधन कुठल्याही एजंटला एकाच रीतीने जोडता यावे, हा तिचा हेतू. २०२५मध्ये ओपनएआय आणि गुगल यांनीही ती स्वीकारली. म्हणजे जोडणीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. प्रश्न उरला तो वर्णनाचा. नळ सगळीकडे एकाच मापाचे झाले, पण कोणत्या नळाला पिण्याचे पाणी आणि कोणत्या नळाला शेतीचे, हे लिहिणे कोणाच्या तरी हातात आहे.

सॉफ्टवेअरवाले या लिखाणाला ‘डॉक्युमेंटेशन’ म्हणतात. आपण त्याला साधनाचे टिपण म्हणू. प्रोग्रामर मंडळींना कोड लिहायला आवडते, टिपण लिहायचा कंटाळा येतो. आजवर ते खपून गेले, कारण टिपण वाचणारा दुसरा प्रोग्रामर होता. अडले तर तो फोन करून विचारायचा. एजंट फोन करत नाही. टिपणात जे नाही ते त्याच्यासाठी जगात नाही, किंवा मग तो ते मनाने भरून काढतो.

हा प्रश्न काटोलचा कसा?

हा बंगळूर-पुण्याच्या आयटीवाल्यांचा विषय आहे, असे कोणाला वाटेल. पण जरा आजूबाजूला पाहा. मे २०२५मध्ये राज्य सरकारने शेतकऱ्यांसाठी ‘महाविस्तार-एआय’ हे ॲप आणले. त्याच वर्षी जूनमध्ये मंत्रिमंडळाने २०२५ ते २०२९ या काळासाठी ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरवली. ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर देण्याची घोषणाही २०२५च्या फेब्रुवारीत झाली. दिशा स्पष्ट आहे. उद्या काटोल, नरखेड, कळमेश्वरचा माणूस तहसीलच्या खिडकीशी कमी आणि एजंटशी जास्त बोलणार आहे.

म्हणून भावाचेच उदाहरण पुढे नेतो. समजा, एका साधनाचे टिपण असे आहे: ‘बाजारभाव मिळवा. पीक, बाजार आणि तारीख द्या.’ प्रोग्रामरच्या दृष्टीने काम संपले. आता हेच नीट लिहायचे तर कसे लिहावे लागेल?

‘हे साधन दिलेल्या बाजार समितीतला दिलेल्या दिवसाचा घाऊक भाव देते. भाव रुपयांत, प्रतिक्विंटल. किमान, कमाल आणि त्या दिवशी ज्या भावाने सर्वांत जास्त व्यवहार झाले तो, असे तीन आकडे येतात; तिसरा आकडा म्हणजे सरासरी नव्हे. बाजाराचे नाव इंग्रजी स्पेलिंगमध्येच द्यावे. त्या दिवशी आवक नोंदली गेली नसेल तर यादी रिकामी येते. याचा अर्थ भाव पडला असा नाही. बागेवर थेट झालेले सौदे यात नाहीत. शेतकरी टनाने बोलत असेल तर आकड्याला दहाने गुणून सांगावे.’

आठ वाक्ये. यात एकही तांत्रिक शब्द नाही. पण पहिल्या टिपणावर चालणारा एजंट ‘काटोल’ असे देवनागरीत लिहून रिकामी यादी आणेल आणि सांगेल की, आज संत्र्याला भाव नाही. दुसऱ्या टिपणावर चालणारा एजंट तेच काम बरोबर करील. यंत्र तेच आहे. फरक पडला तो आठ वाक्यांनी. बाजारभावाच्या नोंदी सांभाळणाऱ्या केंद्रीय पणन व निरीक्षण संचालनालयाचे शाखा मुख्यालय नागपुरातच आहे. ही आठ वाक्ये लिहिणारी माणसे शोधायला दिल्लीला जाण्याची गरज नाही.

आता सल्ल्याचे पाहू. संत्र्याला दोन बहार. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाडाला ताण देतात, जानेवारी-फेब्रुवारीत फूल येते आणि ऑक्टोबरनंतर फळ उतरते. मृग बहारात ताण उन्हाळ्यात, फूल पावसाळ्याच्या तोंडावर आणि तोडणी पुढच्या फेब्रुवारी-मार्चकडे. एखाद्या सल्ला देणाऱ्या साधनात ‘पीक: संत्रा’ एवढीच चौकट असेल आणि ‘बहार कोणता हे आधी शेतकऱ्याला विचारा, त्याशिवाय पाण्याचा सल्ला देऊ नका’ हे टिपणात नसेल, तर एजंट एका बहाराचा सल्ला दुसऱ्या बहाराच्या बागेला देईल. चुकीच्या महिन्यात पाणी तोडले तर वर्षाचे पीक हातचे जाते. हे ज्ञान काटोलच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात आहे, नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत आहे आणि धुऱ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक संत्राउत्पादकाच्या डोक्यात आहे. साधनाच्या टिपणात ते उतरले आहे की नाही, एवढाच सवाल आहे.

नावात बरेच काही असते

आता या विषयाच्या अशा बाजूकडे येतो, जी मुस्लिम वाचकाला लगेच उमगेल. विदर्भाच्या जुन्या महसुली नोंदीत नाव असे असते: ‘शेख रहीम वल्द शेख करीम’. बाईचे असेल तर ‘शकीलाबी जौजे शेख रहीम’. वल्द म्हणजे मुलगा, जौजे म्हणजे बायको. हे शब्द फक्त मुसलमानांचे नाहीत. इथल्या कुणबी, माळी, तेली कुटुंबांच्या जुन्या कागदांतही ‘वल्द’ सर्रास सापडतो. ती या मुलखाची कारभारी भाषा होती आणि तिच्यात कोण कोणाचा कोण हे नेमके सांगायची सोय होती.

संगणक आला आणि त्याने तीन चौकटी पुढे केल्या: नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आता शेख रहीमने काय करायचे? ‘शेख’ आडनावात टाकायचे की नावाच्या पुढे? एका ठिकाणी तो ‘रहीम करीम शेख’ झाला, दुसऱ्या ठिकाणी ‘शेख रहीम शेख करीम’ राहिला, तिसऱ्या ठिकाणी शेवटचा शब्द आडनाव समजून त्याचे आडनावच ‘करीम’ झाले. मोहम्मद, मोहंमद, महंमद, मो. यांचा गोंधळ वेगळाच. सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे, मतदार यादीत चौथे. माणूस एक आणि कागदावर चौघे. ही चार नावे एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्रे आणि राजपत्रातल्या जाहिराती यांवर आपल्या समाजाचा किती पैसा गेला असेल, त्याची मोजदाद नाही.

तरीही आजवर मध्ये एक माणूस होता. तलाठी होता, तहसीलबाहेर बसणारा अर्जनवीस होता, सेवा केंद्र चालवणारा पोरगा होता. ‘चाचा, आधारवर जसे आहे तसेच टाकतो, नाहीतर अडकेल,’ असे तो म्हणायचा. या एका वाक्यात टिपणाचे सगळे सार आहे. पण ते वाक्य कुठेही लिहिलेले नव्हते. ते त्याच्या अनुभवात होते.

एजंटला हा अनुभव नाही. तो जगभरच्या मजकुरावर शिकला आहे आणि त्या मजकुरात पहिला शब्द नाव व शेवटचा शब्द आडनाव, हीच रीत सर्वाधिक आहे. त्याला सांगितले नाही तर तो ‘शेख रहीम शेख करीम’चे तुकडे त्याच रीतीने करणार. त्यात त्याचा आकस नसेल, पण आकस नसल्याने नुकसान कमी होत नाही. शिवाय सेवा केंद्रातला पोरगा दिवसाला पन्नास अर्ज भरतो, एजंट हजारो भरील. पोरगा चुकला तर एका घराची धावपळ होते. टिपण चुकले तर अख्ख्या जिल्ह्यातले शेख, सय्यद आणि मिर्झा एकाच वेळी चुकतील.

हे फक्त आपले रडगाणे नाही. एकच नाव लावणारी आदिवासी कुटुंबे, लग्नानंतर नाव बदललेल्या बाया, आद्याक्षराने नाव लिहिणारे दक्षिण भारतीय, सगळ्यांची हीच गत आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेने माणसांची नावे जगभर किती तऱ्हांनी लिहिली जातात यावर स्वतंत्र मार्गदर्शन लिहून ठेवले आहे आणि शक्यतो नावाचे तुकडेच पाडू नका, पूर्ण नावाची एकच चौकट ठेवा, असा त्याचा रोख आहे. चौकटी बदलणे सरकारला जड जात असेल, तर निदान टिपणात तरी लिहावे: ‘नाव आधार कार्डावर जसे आहे तसेच, एकही अक्षर न बदलता भरावे. कोणता भाग आडनाव आहे याचा अंदाज करू नये, अर्जदाराला विचारावे. मो. या संक्षेपाचा विस्तार करू नये.’ एवढे लिहायला कोणता निधी लागतो?

‘उमीद’ने शिकवलेला धडा

जून २०२५मध्ये केंद्र सरकारने वक्फ मिळकतींच्या नोंदीसाठी ‘उमीद’ पोर्टल सुरू केले आणि सहा महिन्यांची मुदत दिली. कायद्याच्या राजकारणावर स्वतंत्रपणे बोलता येईल. इथे मी फक्त साधनाविषयी बोलतो. गावोगावच्या मशिदी, दर्गे आणि कब्रस्तानांच्या मुतवल्लींवर एकाएकी इंग्रजी शब्दांनी भरलेले संगणकी काम येऊन पडले. नोंद भरणारा ‘मेकर’, तपासणारा ‘चेकर’, मंजूर करणारा ‘अप्रूव्हर’. जुन्या कागदांवर क्षेत्र एकर-गुंठ्यांत, कुठे खसरा क्रमांक तर कुठे सर्व्हे नंबर, मूळ दस्त कधी उर्दूत तर कधी मोडीत. तांत्रिक अडचणींच्या तक्रारी राज्याराज्यांतून झाल्या. मुदत वाढवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली; न्यायालयाने डिसेंबरात सरसकट वाढ नाकारून न्यायाधिकरणाकडे जायला सांगितले.

पुढच्या वेळी हे काम एजंटकडून करून घेण्याचा मोह अनेकांना होईल. दीडशे वर्षांचा जुना दस्त वाचून चौकटी भरणे यंत्राला जमू शकेल. पण त्या साधनाच्या टिपणात पुढील गोष्टी नसतील तर तो मोह महागात पडेल: क्षेत्र कोणत्या एककात मागितले आहे, मौजा आणि खसरा क्रमांक कसा लिहायचा, जिल्ह्याचे नाव बदलले असेल तर जुनी नोंद औरंगाबाद म्हणून शोधायची की छत्रपती संभाजीनगर म्हणून, आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणते बटण दाबल्यावर मागे फिरता येत नाही. ‘ही कृती पक्की आहे, माणसाने वाचून होकार दिल्याशिवाय करू नका,’ ही ओळ प्रत्येक सरकारी साधनाच्या टिपणात सक्तीची असायला हवी. समाजाच्या मालकीची पिढ्यानपिढ्यांची जमीन अंदाजावर सोडण्याची गोष्ट नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, यंत्रे दिवसेंदिवस हुशार होत आहेत, त्यांचे त्यांना कळेल. हे अर्धसत्य आहे. हुशारीने गणित सुटते; पण समोरचा आकडा टनाचा की क्विंटलचा ही हुशारीची बाब नाही, ती माहितीची बाब आहे. दुनियेतला सर्वांत हुशार माणूस पहिल्यांदा काटोलच्या बाजारात उभा केला तर त्यालाही ते विचारावेच लागेल.

दुसरा आक्षेप, एजंट नकोतच, माणसेच बरी. या म्हणण्याविषयी मला आदर आहे. पण खिडकीमागची माणसे कमी होत आहेत, हे आपण थांबवू शकलेलो नाही. शिवाय खिडकीमागचा माणूस सगळ्यांशी सारखाच वागत होता असेही नाही. लिहिलेला नियम निदान वाचता येतो, दाखवता येतो, त्यावर भांडता येते. तोंडी नियमावर भांडता येत नाही.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. एजंट टिपणावर विश्वास ठेवतो, तर मग टिपणातच कोणी खोट लिहिली तर? ही भीती काल्पनिक नाही. साधनाच्या वर्णनात गुपचूप हुकूम लपवून एजंटला भलतेच काम करायला लावता येते, हे सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे. यावर इलाज एकच: सार्वजनिक सेवेच्या साधनांची टिपणे उघडी असावीत, मराठीत असावीत, कोणी आणि केव्हा लिहिली हे त्यावर असावे. कोणाही नागरिकाला ती वाचता आली पाहिजेत. जे टिपण फक्त यंत्रच वाचते, त्यावर पहारा ठेवणार कोण?

लिहिणार कोण?

माझ्या ओळखीच्या एका सेवा केंद्रचालकाकडे शंभर पानी वही आहे. कोणत्या अर्जाला कोणता कागद, कोणत्या चौकटीत तिरकी रेघ चालत नाही, छायाचित्र किती आकाराचे, ‘तांत्रिक त्रुटी’ असे आले तर तिचा खरा अर्थ काय, हे सगळे त्याने वर्षानुवर्षे लिहून ठेवले आहे. एजंटसाठी लागणारे टिपण म्हणजे याहून वेगळे काही नाही. ती वही तालुक्यातालुक्यात आहे. तिला सरकारदरबारी किंमत नाही, इतकेच.

म्हणून माझी सूचना साधी आहे. राज्य सरकार एआयवर खर्च करत असलेल्या पैशातला एक छोटा वाटा टिपणे लिहिण्यासाठी वेगळा ठेवावा. हे काम फक्त पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना न देता सेवा केंद्रचालक, ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि बाजार समितीचे कारकून यांना प्रोग्रामरच्या शेजारी बसवून करावे. टिपण लिहून झाले की ते एका अनोळखी माणसाला वाचायला द्यावे. ज्या टिपणावर माणूस अडखळतो त्यावर एजंटही अडखळतो, फक्त तो तसे सांगत नाही.

आणि एक सूचना आपल्या तरुणांसाठी. बीसीए, इंजिनिअरिंग केलेली कितीतरी मुस्लिम मुले-मुली काटोल, कामठी, नागपुरात नोकरीच्या शोधात आहेत. त्यांना मराठी येते, उर्दू येते, कामापुरते इंग्रजी येते. वल्द आणि जौजे म्हणजे काय हे त्यांना घरात कळते, गुंठा आणि आर यांचा हिशेब शेजारी कळतो. सॉफ्टवेअरच्या बाजारात ही जाण दुर्मीळ आहे. आपण तिला कमीपणा समजून लपवतो. कोड लिहिणारे यंत्र आले आहे. पण इथल्या माणसाचे नाव, इथल्या जमिनीचे माप आणि इथल्या झाडाचा बहार त्या यंत्राला समजावून सांगणारा अजून माणूसच लागतो. मशिदीच्या, मदरशाच्या, बचत गटाच्या, पतसंस्थेच्या छोट्या छोट्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात करता येईल. प्रत्येक चौकटीपुढे एक वाक्य: इथे काय भरायचे, काय भरायचे नाही, चुकले तर काय होते.

मराठीत ‘दस्तऐवज’ हा शब्द फारसीतून आला आणि इथला होऊन गेला. सातबारा असो की वक्फनामा, दस्तऐवजात जे लिहिले तेच पुढे टिकले आणि जे तोंडी राहिले ते वादात गेले, हा अनुभव या मुलखातल्या प्रत्येक घराला आहे. येत्या काळात आपल्या वतीने व्यवहार करणारी यंत्रे कोणाच्या तरी लिखाणावर चालणार आहेत. ते लिखाण होत असताना आपण हजर राहिलो नाही, तर आपले नाव काय आणि आपल्या मालाचे माप काय, हे दुसरेच कोणी तरी अंदाजाने भरील.